वायुयुद्धांतील जखमा आणि त्यांवरील उपचार

तलवारीचा वार बसला किंवा बंदुकीची गोळी लागली, तर तें जखमी मनुष्यास त्याच क्षणीं कळतें. रक्त वाहतें, वेदना होतात, आणि काय उपचार करावयाचा हें ठरविण्यास वैद्यासमोर जखम उघडी असते. विसाव्या शतकानें मात्र रणांगणावर असें एक शस्त्र आणलें कीं, त्याचा घाव बसतो तेव्हां तो कळत नाहीं, आणि कळतो तेव्हां खऱ्या उपचाराची वेळ बहुधा टळून गेलेली असते. तें शस्त्र म्हणजे मस्टर्ड गॅस. मनुष्याची कातडी आणि त्याचे डोळे हीं त्याचीं मुख्य लक्ष्यें. या जखमांवर वैद्यकानें कोणते उपाय योजले, त्यांपैकीं कोणते फळास आले आणि कोणते कां फसले, हा इतिहास आतां शंभर वर्षांहून अधिक जुना झाला आहे. नव्या औषधांच्या शोधाची हकीकत त्यांत आहेच. परंतु त्या शोधांइतकेंच महत्त्व एका अगदीं साध्या गोष्टीला आहे. रोग्यावर कोणतें विष पडलें आहे, हें त्याच्या वैद्याला कोणी वेळेवर सांगितलें कीं नाहीं, ही ती गोष्ट.

मस्टर्ड गॅस हा नांवाचाच वायु. वस्तुतः तें तेलासारखें द्रव आहे. सुमारें १४ अंश सेंटिग्रेडच्या खालीं तें गोठतें, आणि हवा तापली कीं त्याची वाफ अधिक होऊं लागते. मोहरीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. अशुद्ध स्थितींत त्याला मोहरी-लसणीसारखा वास येतो, त्यावरून हें नांव पडलें. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक गथ्री यांनीं १८६० सालीं या पदार्थाचें वर्णन केलें, तेव्हांच त्याच्या वाफेनें कातडीवर फोड येतात असें नमूद करून ठेवलें होतें. पुढें १८८६ सालीं जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनीं तो शुद्ध स्वरूपांत तयार केला. प्रयोगशाळेंत जी धोक्याची सूचना होती, तीच तीस वर्षांनीं युद्धखात्याच्या कामीं आली.

१९१७ सालच्या जुलै महिन्याच्या १२ तारखेच्या रात्रीं बेल्जममधील ईप्र शहराजवळ जर्मन तोफखान्यानें ब्रिटिश फौजेवर पिवळ्या फुलीची खूण असलेले गोळे टाकले. यापूर्वीं दोन वर्षें क्लोरिन आणि फॉस्जिन या वायूंशीं सैनिकांची ओळख झालेली होती. ते वायु छातींत शिरतांच जीव घुसमटे; म्हणून सैनिक लगेच मुखवटे चढवीत. या नव्या गोळ्यांतून मात्र थोडासा वास आला, कांहीं शिंका आल्या, आणि याहून विशेष कांहीं घडलें नाहीं. पुष्कळ जण निर्धास्तपणें झोंपी गेले. कांहीं तासांनीं त्यांना जाग आली, ती डोळ्यांत वाळू गेल्यासारख्या वेदनेनें. पहांटेपर्यंत पापण्या सुजून मिटल्या होत्या, आणि आंधळे झालेले सैनिक एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेनें मागें नेले जात होते. पहिल्या तीन आठवड्यांतच अशा जखमी ब्रिटिश सैनिकांची संख्या चौदा हजारांवर गेली. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंट यांनीं अशाच एका रांगेचें प्रचंड चित्र १९१९ सालीं पुरें केलें. ‘गॅस्ड’ या नांवाचें तें चित्र लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्यें आहे.

या जखमेचा क्रम ठरलेला असतो. विष अंगावर पडल्यापासून दोन ते चोवीस तासांपर्यंत कांहीं दिसत नाहीं. मग प्रथम डोळे चुरचुरतात, पाणी गळतें, उजेड सहन होत नाहीं. कातडी उन्हानें करपल्यासारखी लाल होते. तिच्यावर लहान लहान फोड येतात आणि ते एकमेकांत मिळून पिंवळसर पाण्यानें भरलेले मोठे फोड होतात. कांख, जांघ, गुडघ्यामागची लवण अशा घामानें ओल्या राहणाऱ्या जागीं दाह सर्वांत अधिक. वाफ श्वासाबरोबर आंत गेली असेल, तर घसा आणि श्वासनलिकाही सोलून निघतात. पहिल्या महायुद्धांत या विषानें दगावणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा दोन-तीनच होतें. परंतु वांचलेल्यांना आठवडे, कधीं महिने इस्पितळांत काढावे लागत. आणि सेनापतींच्या दृष्टीनें तेंच या शस्त्राचें मोल होतें. मेलेल्या सैनिकाला पुरलें कीं काम संपतें. आंधळ्या आणि भाजलेल्या सैनिकामागें मात्र डोली वाहणारे, परिचारिका आणि डॉक्टर गुंतून पडतात.

त्या काळच्या इस्पितळांना पहिला धडा मिळाला, तो रोग्यांपासून नव्हे, तर स्वतःच्याच माणसांपासून. जखमींना उचलणारे, त्यांचे कपडे उतरविणारे, बंद तंबूंत त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, यांचेही डोळे लाल होऊं लागले आणि हातांवर फोड येऊं लागले. विष रोग्याच्या कपड्यांत भिनलेलें असे, आणि तंबूच्या उबेनें त्याची वाफ होई. तेव्हांपासून नियम ठरला : रोग्याला आंत घेण्यापूर्वीं त्याचे सर्व कपडे, बूटसुद्धां, बाहेरच काढावयाचे, त्याला साबण आणि भरपूर पाणी लावून न्हाऊं घालावयाचें, आणि मगच बिछान्यावर न्यावयाचें. यासाठीं फौजेबरोबर स्नानाची सोय असलेल्या मोटारगाड्या फिरूं लागल्या. डोळे सोड्याच्या सौम्य पाण्यानें धुतले जात. पापण्या एकमेकींस चिकटूं नयेत म्हणून त्यांच्या कडांना व्हॅसलिनासारखें मलम लावीत.

डोळ्यांच्या बाबतींत वैद्यांना आणखी एक गोष्ट हळूहळू उमगली. डोळे मिटलेले असल्यानें प्रत्येक सैनिकाची खात्री झालेली असे कीं, आपली दृष्टि कायमची गेली. प्रत्यक्षांत बहुतेकांची सूज एक-दोन आठवड्यांत उतरून त्यांना दिसूं लागे. डोळ्यांवर घट्ट पट्टी बांधल्यानें स्राव आंत कोंडून अपायच होतो, आणि रोग्याचा धीर मात्र आणखी खचतो. म्हणून पट्टीऐवजीं डोळ्यांवर सावली धरावी किंवा काळा चष्मा द्यावा, आणि पापण्या हलकेच उघडून ‘तुला दिसतें आहे’ हें रोग्याच्या अनुभवास आणून द्यावें, असा उपचार पुढें मान्य झाला. सत्य सांगणें हेंच जेथें औषध ठरलें, असा या इतिहासांतील हा पहिला प्रसंग.

याहून मूलगामी औषध मात्र मिळेना. आणि त्याचें कारण विषाच्या स्वभावांतच आहे. मस्टर्ड कातडीवर पडल्यावर कांहीं मिनिटांतच आंत शिरतें आणि पेशींतील प्रथिनांना व जननद्रव्याला कायमचें चिकटतें. चिकटलेलें विष सोडवून आणणारें औषध अद्यापिही सांपडलेलें नाहीं. फोड उठतात तोंपर्यंत विष आपलें काम करून मोकळें झालेलें असतें. फोडांतील पाण्यांतसुद्धां तें उरलेलें नसतें. म्हणून खरा उपचार पहिल्या कांहीं मिनिटांतला. कपडे काढावे, तेलकट थेंब न चोळतां टिपून घ्यावे, कातडी साबणपाण्यानें धुवावी आणि डोळे स्वच्छ पाण्यानें धूत राहावें. थेंब शोषून घेण्यास जी माती ब्रिटिश फौजेनें स्वीकारली, ती महाराष्ट्रांतील घरांत अंगाला लावण्यासाठीं आणल्या जाणाऱ्या मुलतानी मातीच्याच जातीची आहे. त्यानंतरचा सर्व उपचार भाजलेल्या जखमेसारखा : स्वच्छता, वेदनाशमन, जंतूंपासून रक्षण, आणि वाट पाहणें.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत अनेक राष्ट्रांनीं या विषाचा अभ्यास चालू ठेवला. १९२५ सालच्या जिनीव्हा करारानें युद्धांत त्याचा वापर निषिद्ध ठरविला होता. परंतु तें तयार करून सांठविण्यास मनाई नव्हती. या अभ्यासांतील एक प्रकरण हिंदुस्थानच्या भूमीवर घडलें. पोर्टन येथील ब्रिटिश संशोधनकेंद्राच्या शास्त्रज्ञांनीं रावळपिंडीच्या लष्करी ठाण्यांत १९३० नंतरच्या दशकापासून दहा वर्षांहून अधिक काळ शेंकडों हिंदी शिपायांवर मस्टर्डचे प्रयोग केले. ब्रिटिश कातडीपेक्षां हिंदी कातडीवर या विषाचा परिणाम अधिक होतो काय, हा त्यांचा प्रश्न होता. कांहीं शिपायांना आंखूड विजार आणि सुती सदरा एवढ्याच पोशाखांत वायूच्या कोठडींत पाठविण्यांत आलें. कित्येकांस भाजल्याच्या तीव्र जखमांसाठीं इस्पितळांत ठेवावें लागलें. एकाचा मुखवटा सरकल्यामुळें त्याचे डोळे आणि चेहरा भाजून निघाला. या शिपायांचें पुढें काय झालें, याची पाहणी कोणी केली नाहीं. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारांतील हे कागद २००७ सालीं वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले, तोंपर्यंत या प्रकरणाची लोकांना वार्ताही नव्हती. उपचाराचें ज्ञान वाढविण्याच्या नांवाखालीं ज्यांच्या अंगावर जखमा केल्या, त्यांनाच त्या ज्ञानाचा लाभ मिळाला नाहीं.

याच काळांत दुसऱ्या एका विषावर मात्र वैद्यकानें निःसंशय विजय मिळविला. १९१८ सालीं अमेरिकेंत विनफर्ड ली लुइस यांनीं सोमलापासून एक फोड उठविणारें द्रव तयार केलें. त्यांच्या नांवावरून त्याला लुइसाइट म्हणूं लागले. मस्टर्डाप्रमाणें तें तासन्‌तास दबून राहत नाहीं. लागतांच आग होते, आणि डोळ्यांत गेल्यास डोळा गमावण्याचा धोका फार मोठा. दुसरें महायुद्ध सुरू होतांच या विषावरील उतारा शोधण्याचें काम ऑक्सफर्डमधील जीवरसायनाचे प्राध्यापक रुडॉल्फ पीटर्स यांच्याकडे आलें.

पीटर्स यांचा मूळ अभ्यास युद्धाचा नव्हे, आहाराचा. ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावीं कबुतरांच्या मेंदूंतील साखरेचें ज्वलन एका विशिष्ट टप्प्यावर अडतें, हें त्यांनीं दाखविलें होतें. सोमलाचीं संयुगेंही तोच टप्पा अडवितात, असें त्यांच्या प्रयोगशाळेंत आढळून आलें. सोमल शरीरांतील प्रथिनांवरील गंधकाच्या कणांना पकडतें, ही कल्पना अगोदर मांडली गेलेली होती. पीटर्स यांचे सहकारी लॉइड स्टॉकन आणि रॉबर्ट टॉमसन यांनीं एक पाऊल पुढें टाकून पाहिलें, तेव्हां सोमलाचा एक अणु गंधकाच्या दोन अणूंना एकदम धरतो असें दिसलें. मग युक्ति सरळ होती : ज्यांत गंधकाचे दोन अणु शेजारीं शेजारीं आहेत असें एक लहान द्रव्य विषापुढें करावें, म्हणजे सोमल प्रथिनाला सोडून त्याला जाऊन मिळेल. १९४० सालीं स्टॉकन यांनीं असें द्रव्य तयार केलें. ‘ब्रिटिश अँटि-लुइसाइट’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून तें बाल या नांवानें ओळखलें जातें.

त्याचा गुण डोळ्यांवर सर्वांत स्पष्ट दिसला. नेत्रतज्ज्ञ आयडा मान यांनीं प्रयोगांत दाखविलें कीं, लुइसाइट पडल्यावर दोन-पांच मिनिटांत हें औषध डोळ्यांत घातलें, तर डोळा वांचतो. अर्ध्या तासानें घातलें, तर फारसा उपयोग होत नाहीं. म्हणजे खरा उतारा हातीं असूनही मिनिटांचा हिशेब सुटला नाहींच. हा शोध युद्ध संपत येईतों गुप्त राहिला आणि १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या विषासाठीं तो लागला, तें युरोपच्या रणांगणावर वापरलेंच गेलें नाहीं. परंतु उपदंशावर त्या काळीं सोमलयुक्त औषधें देत, त्यांची बाधा झालेले रोगी, पाऱ्याची किंवा सोन्याच्या औषधांची विषबाधा झालेले रोगी, यांना बालचीं इंजेक्शनें दिलीं जाऊं लागलीं. शेंगदाण्याच्या तेलांत मिसळलेलें तें इंजेक्शन फार दुखतें. पण प्राण वांचवितें. शरीरांत तांबें सांठून मेंदू आणि यकृत बिघडविणारा विल्सनचा रोग तोंपर्यंत असाध्य होता; त्यावरही १९५१ च्या सुमारास याच औषधाचा गुण येतो असें दिसून आलें.

एकीकडे प्रयोगशाळेंत मिनिटांची अशी मोजदाद चालली असतां, दुसरीकडे दक्षिण इटलींतील एका बंदरांत तीं मिनिटें अक्षरशः वाया घालविलीं गेलीं. १९४३ सालच्या २ डिसेंबरच्या रात्रीं जर्मन विमानांनीं बारी बंदरावर अचानक हल्ला केला. बंदरांत नांगरलेल्या दोस्तांच्या जहाजांत जॉन हार्वे नांवाचें एक अमेरिकन मालवाहू जहाज होतें, आणि त्याच्या पोटांत मस्टर्डाचे दोन हजार बाँब होते. शत्रूनें वायु वापरलाच, तर प्रत्युत्तर देण्यासाठीं ते आणलेले होते, आणि ही गोष्ट अत्यंत गुप्त होती. जहाज फुटलें, ज्यांना त्यांतील मालाची माहिती होती ते जहाजाबरोबरच गेले. मस्टर्ड बंदराच्या पाण्यावर सांडलेल्या तेलांत मिसळलें, आणि बुडणाऱ्या जहाजांवरून उड्या टाकलेले शेंकडों खलाशी त्या तेलांत पोहत किनाऱ्यास लागले.

इस्पितळांतील डॉक्टरांना यांतील कांहींच ठाऊक नव्हतें. त्यांनीं समोर दिसणाऱ्या जखमा आधीं हातीं घेतल्या : मोडलेलीं हाडें, वाहणारें रक्त. तेलानें माखलेले, थंडीनें कुडकुडणारे जे लोक वरवर धड दिसत होते, त्यांना ओल्या कपड्यांवरच कांबळीं पांघरलीं, गरम चहा दिला, आणि सकाळपर्यंत थांबावयास सांगितलें. कोणत्याही साध्या अपघातांत ही शुश्रूषा योग्यच ठरली असती. येथें मात्र प्रत्येक कांबळें विषाचा शेक देत होतें. उजाडतां उजाडतां डोळे मिटूं लागले, कातडीवर फोड उठले. आणि दुसऱ्या दिवशीं, अंगावर मोठी जखम नसलेले लोक रक्तदाब घसरून मरूं लागले. कागदावर निदान लिहिलें गेलें तें इतकेंच, कीं त्वचेचा दाह, कारण अद्याप अनिश्चित.

अल्जिअर्सहून चौकशीसाठीं पाठविलेले अमेरिकन लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल स्ट्यूअर्ट अलेक्झांडर ७ डिसेंबरला बारीला पोहोंचले. या विषांचा अभ्यास त्यांनीं अगोदर केलेला होता. इस्पितळाच्या दारांतच त्यांना तो लसणीसारखा वास आला. बंदराच्या अधिकाऱ्यांनीं तेथें मस्टर्ड असल्याचें साफ नाकारलें. तेव्हां अलेक्झांडर यांनीं मृत व जखमी खलाशी कोणकोणत्या जहाजांवर होते त्याचा नकाशा आंखला. जॉन हार्वेच्या जवळपासच्या जहाजांवर मृत्यूंची गर्दी दिसली. पुढें बंदराच्या तळांतून पाणबुड्यानें बाँबचा एक तुकडा वर आणला, आणि शंका उरली नाहीं. अलेक्झांडर यांच्या सूचनांनीं उपचाराची दिशा बदलली. पण कपडे उतरवून अंग धुण्याची वेळ पांच दिवसांपूर्वींच गेलेली होती. इस्पितळांत नोंदलेल्या ६२८ मस्टर्डबाधितांपैकीं ८३ जण त्या महिन्याअखेर मरण पावले. शहरांतील नागरिकांची तर गणतीच झाली नाहीं. त्यानंतरही ब्रिटिश पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनीं मस्टर्डाचा उल्लेख मान्य केला नाहीं, आणि ब्रिटिश कागदपत्रांत ‘शत्रूच्या कृतीमुळें झालेल्या भाजण्याच्या जखमा’ असे शब्द घालण्यांत आले. अलेक्झांडर यांचा अहवाल १९५९ पर्यंत गुप्त राहिला.

दृष्टीआड सृष्टि, असें म्हणतात; पण जे दृष्टीआड ठेवलें गेलें त्याचें मोल बारीच्या रोग्यांनीं आपल्या दृष्टीनें आणि प्राणांनीं दिलें. त्या रात्रीं कोणतेंही दुर्मिळ औषध लागणार नव्हतें. ‘यांच्या अंगावर मस्टर्ड आहे, कपडे काढा, धुवा’ एवढें एक वाक्य इस्पितळापर्यंत पोहोंचतें, तर साबण आणि पाणी यांनीं कित्येकांचे प्राण वांचले असते.

या अहवालांतील एक निरीक्षण मात्र पुढें उपयोगी पडलें. मृतांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहींशा झाल्या होत्या. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत लुइस गुडमन आणि आल्फ्रेड गिल्मन यांनीं १९४२ सालींच मस्टर्डाचें एक भावंड, नायट्रोजन मस्टर्ड, गांठींच्या कर्करोगाच्या रोग्यास गुप्तपणें देऊन पाहिलें होतें, आणि गांठी तात्पुरत्या विरघळल्या होत्या. बारीच्या पुराव्यानें त्या मार्गास बळ आलें. १९४६ सालीं हें काम प्रसिद्ध झालें, आणि कर्करोगावरील रासायनिक औषधोपचाराची ती सुरुवात ठरली. विषस्य विषमौषधम् या वचनाची इतकी कठोर प्रचीति क्वचितच आली असेल.

डोळ्यांची कहाणीही १९१८ बरोबर संपली नव्हती. बरे होऊन घरीं गेलेल्या कांहीं सैनिकांना दहा-पंधरा वर्षांनीं, कधीं त्याहूनही उशिरां, पुन्हां त्रास सुरू झाला : बुबुळावरील पारदर्शक पडद्यास वारंवार क्षतें पडूं लागलीं आणि दृष्टि अंधुक होत गेली. आयडा मान यांनीं अशा ८४ रोग्यांच्या डोळ्यांत कांचेचे स्पर्शभिंग बसवून त्या पडद्यास संरक्षण दिल्याचा वृत्तांत १९४४ सालीं प्रसिद्ध केला. त्या ज्ञानाची गरज पुन्हां पडणार नाहीं, अशी आशा तेव्हां वाटली असेल. १९८० ते १९८८ च्या इराण-इराक युद्धांत इराकनें मस्टर्ड पुन्हां बाहेर काढलें. १९८४ सालीं भाजलेले इराणी सैनिक उपचारासाठीं युरोपच्या इस्पितळांत नेण्यांत आले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीं त्याच वर्षीं या विषाच्या वापराची साक्ष दिली. २८ जून १९८७ रोजीं इराणमधील सरदश्त आणि १६ मार्च १९८८ रोजीं इराकमधील हलब्जा या गांवांवर, साध्या नागरिकांवर, विषारी बाँब पडले. त्यांतून वांचलेल्या कित्येकांचे डोळे अनेक वर्षांनीं बिघडूं लागले. नेत्ररोपण आणि डोळ्याच्या कडेच्या मूलपेशींचें रोपण हे त्यांवरचे नवे उपाय. जंतुघ्न औषधें सुधारलीं, शस्त्रक्रिया सुधारली. मस्टर्डावरील उतारा मात्र नाहीं तो नाहींच.

२९ एप्रिल १९९७ रोजीं अंमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानें हीं शस्त्रें बनविणें आणि बाळगणें हेंही निषिद्ध झालें. भारतानें आपल्याजवळील सांठा जाहीर करून २००९ सालीं तो पूर्णपणें नष्ट केला. अमेरिकेनें घोषित सांठ्यांतील अखेरचें शस्त्र २०२३ सालच्या जुलैमध्यें नष्ट केलें. सांठे नष्ट होतात, करार होतात. तरीही बारीच्या रात्रीचा धडा जुना होत नाहीं. विष युद्धाचें असो वा कारखान्याच्या अपघाताचें, त्याचें नांव लपविणाऱ्याच्या हातून पहिली हानि होते ती वैद्याच्या ज्ञानाची, आणि दुसरी रोग्याच्या जीवाची. पाणी सर्वत्र असतें, साबण असतो, हातही तत्पर असतात. त्यांना वेळेवर काय करावें हें कळण्यासाठीं खरें सांगणारा एक मनुष्य मात्र असावा लागतो.